पॅनल दोन दिवसांत, कागद साडेपाच महिन्यांत

आमचं घर नाशिकला, जेल रोडला. गच्चीवर गेलं की लांब एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. लेक लहान असताना जेवायला कंटाळा करायचा, तेव्हा त्याला कडेवर घेऊन गच्चीवर जायचे आणि "ती बघ चिमणी" म्हणत घास भरवायचे. झाडावरच्या चिमण्या कधी असायच्या, कधी नसायच्या. एकलहऱ्याच्या हटकून असायच्या. तिथे दगडी कोळशावर वीज बनते, २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, हे सांगण्याइतका तो मोठा झाला आणि मग त्यानेच एक दिवस विचारलं, "मग आपला एसी त्या धुरावर चालतो?"

सोलरची सुरुवात तिथून झाली असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर मे २०२४ चं लाइट बिल पाच हजारांना थोडं कमी आलं होतं, त्याचाही वाटा मोठा होता. ३८० युनिट. शंभरच्या पुढे आणि तीनशेच्या पुढे दर कसा उड्या मारतो, ते त्या महिन्यात बिलाची मागची बाजू वाचून कळलं.

गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या पाच-सहा जणींनी विचारलं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे. आम्ही केलेल्या चुकाही यात आहेत.

नाव कोणाचं?

६ जानेवारी २०२५, सोमवार. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि नवरा लॅपटॉप घेऊन बसलो. घराच्या गच्चीवर सोलर बसवायला सरकार सबसिडी देतं, त्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, वीज कंपनी निवडायची आणि लाइट बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा. टाकला. स्क्रीनवर सासऱ्यांचं नाव आलं.

अप्पा २०१९ मध्ये गेले. प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा हे घर बांधलं, मीटर त्यांच्या नावाने घेतलं, आणि पुढे सहा वर्षं आम्ही त्यांच्याच नावाचं बिल भरत होतो. कोणाला काही अडलं नव्हतं. इथे अडलं. अर्जदार, वीज ग्राहक आणि ज्याच्या खात्यात सबसिडी जाणार तो माणूस, हे तिघं एकच असावे लागतात. तेव्हा पहिला सल्ला हाच: पॅनल कुठल्या कंपनीचे, ते नंतर बघा. आधी लाइट बिल काढा आणि त्यावर जिवंत माणसाचं नाव आहे का ते बघा.

घरपट्टी सासूबाईंच्या नावावर झालेली होती, म्हणून मीटरही त्यांच्याच नावावर करायचं ठरलं. २० जानेवारीला ऑनलाइन अर्ज केला. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, सासूबाईंचं आधार. आठवड्याने निरोप आला की इतर वारसांची ना-हरकत जोडा. ही आमची चूक, यादीत ते लिहिलेलं होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं. दीर पुण्यात, नणंद मालेगावला. पाचशेचा स्टॅम्प पेपर (शंभरचा आता मिळत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून त्या जागी पाचशेचा आहे), त्यावर मजकूर टाइप करून आधी कुरिअरने पुण्याला, तिथून परत, मग नणंदेकडे. दीराने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "घराचं काही नाही ना, फक्त मीटरचं?" त्याचं काही चुकलं नाही. अशा कागदावर सही करण्याआधी कोणीही हे विचारेल. तुम्ही आधीच स्वतःहून फोन करून सांगा, कागद अचानक दारात पाठवू नका. आम्ही तो पाठवला आणि दोन दिवस घरात उगाच अवघडलेपण राहिलं.

२४ फेब्रुवारीला नाव बदललं. पुढचं बिल आलं तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेतलं, स्वतःचं नाव वाचलं आणि काही न बोलता आत गेल्या. थोड्या वेळाने बघते तर आधीच्या महिन्याचं, अप्पांच्या नावाचं शेवटचं बिल त्यांनी पेन्शनच्या फायलीत लावून ठेवलं होतं. हे होईल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणखी एक. आधारवर त्यांचं मधलं नाव पूर्ण आहे, बँकेत फक्त आद्याक्षर. तेव्हाच दुरुस्त करून घ्यायला हवं होतं. त्याची किंमत जूनमध्ये मोजली, ते पुढे येईलच.

तीन कोटेशन आणि एक कडुनिंब

२७ फेब्रुवारीला पोर्टलवर परत नोंदणी. आता अर्जदार सासूबाई, त्यामुळे ओटीपी त्यांच्या बटणांच्या फोनवर. त्या आकडा वाचतात तो जोडीजोडीने, "बेचाळीस, सतरा, शून्य पाच", आणि शेवटची जोडी येईपर्यंत वेळ संपतो. तिसऱ्या खेपेला जमलं. तांत्रिक मंजुरीला मात्र वेळ लागला नाही. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना वेगळी तपासणी नसते.

तीन ठिकाणांहून कोटेशन घेतलं. साधारण ३.३ किलोवॅट, म्हणजे ५५० वॅटचे सहा पॅनल. एकाने १ लाख ६२ हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख ९२, तिसऱ्याने २ लाख १५. आम्ही अर्थातच पहिल्याकडे झुकलो. नशीब, लेकाने विचारलं, "पॅनल डीसीआर आहेत का?" नव्हते. सबसिडीसाठी पॅनल आणि त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात, त्यांना डीसीआर म्हणतात, आणि ते महाग असतात. पहिल्याचं म्हणणं, "काकू, सबसिडी कशाला, मी तेवढं कमी करून देतो ना." वजाबाकी केली तर कुठेच जमत नव्हती. ३ किलोवॅट आणि त्यावर सरकार ७८ हजार देतं (पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८), आणि ते थेट ग्राहकाच्या खात्यात येतात. "सबसिडी आमच्याकडे जमा होते" असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसऱ्याचं घेतलं. त्याचा माणूस ८ मार्चला गच्ची मोजायला आला. जागा भरपूर होती, किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. पण शेजारच्या हद्दीत, भिंतीला लागून एक मोठा कडुनिंब आहे. दुपारनंतर त्याची सावली गच्चीच्या पश्चिमेकडच्या भागावर पडते. पॅनल एका साखळीत जोडलेले असतात, एकावर सावली आली की बाकीच्यांचाही जोर कमी होतो. तो माणूस सहज म्हणाला, "झाड उतरवून घ्या ना, शेजारी ओळखीचेच असतील."

त्या दिवशी मला पहिल्यांदा या सगळ्याचं हसू आलं. पर्यावरणासाठी सोलर आणि सोलरसाठी झाड तोडायचं. कायद्याचं म्हणाल तर महापालिका हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. पण कायदा नसता तरी? त्या कडुनिंबामुळे आमची पश्चिमेची खोली एप्रिलमध्येही बसण्यासारखी असते. तो गेला तर एसी दोन तास जास्त चालणार, मग पॅनलने काय मिळवलं? मी म्हटलं, झाड राहील, पॅनल सरकवा.

पॅनल सरकवायचे तर पूर्वेकडे. आणि तिथे सासूबाईंचं वाळवण.

ज्यांच्या घरी पापड-कुरडया विकत येतात त्यांना हा प्रश्न कळणार नाही. आमच्याकडे मार्चपासून गच्ची म्हणजे सासूबाईंचं राज्य. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, मिरच्या, हळद. त्यांनी त्या माणसाची पंधरा मिनिटं उलटतपासणी घेतली. सकाळी ऊन कुठून येतं, संक्रांतीला सूर्य कुठल्या बाजूला असतो, आखाजीला कुठे, हे त्यांनी त्याला दाखवलं. (त्यांचं माहेर सटाण्याकडचं, अक्षय्य तृतीयेला त्या आखाजीच म्हणतात.) शेवटी त्यांनीच तोडगा काढला: पॅनल गच्चीच्या उत्तरेच्या कडेला, तोंड दक्षिणेला, म्हणजे त्यांची सावली मागे पडेल आणि पुढची जागा मोकळी राहील. शिवाय सांगाडा आठ फूट उंच, खालून उभ्याने जाता येईल असा. तो माणूस म्हणाला, "आजी, हेच आम्ही कॉम्प्युटरवर काढतो." उंच सांगाड्याचे १४ हजार जास्त. एकूण २ लाख ६ हजार. कर्ज मिळत होतं, पण एक एफडी संपतच आली होती, ती मोडली. हप्ते ठरवून घ्या: आम्ही शेवटचे वीस टक्के नेट मीटर (घरात येणारी आणि घरातून बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसेपर्यंत हातात ठेवले. ते किती उपयोगी पडले, पुढे सांगते.

दोन दिवस

२२ आणि २३ मार्च, शनिवार-रविवार. सांगाडा, पॅनल, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र), वायरिंग, जिन्याखाली तीन अर्थिंगचे खड्डे. त्यातला एक वीजरोधकाचा, आभाळातून पडणाऱ्या विजेसाठी. त्या पोरांनी उन्हात जे काम केलं ते बघवत नव्हतं, दोन दिवसांत मठ्ठ्याचे तीन पातेले संपले. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत हे मी आधी लिहून घेतलं होतं, त्यामुळे सिमेंटच्या ठोकळ्यांवर पाय उभे केले. जुनी गच्ची असेल तर हे अवश्य बघा, नाहीतर वीज वरून येईल आणि पाणीही.

गारपिटीचं काय, हा प्रश्न निफाडच्या मामांनी फोनवर विचारला. दोन वेळा द्राक्षबाग झोपलेली माणसं आहेत ती, त्यांना काच म्हटलं की गारच दिसते. काच टफन केलेली असते आणि साधारण २५ मिलिमीटरच्या गारा वेगाने मारून चाचणी घेतात, असं वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "आमच्याकडे लिंबाएवढ्या पडल्या होत्या." मग विमा उतरवला.

पाडवा गेला

३० मार्चला पाडवा. त्या दिवशी सुरू करायचं असं मनात होतं. पण नेट मीटर बसल्याशिवाय सुरू करायचं नसतं. जुन्या मीटरला बाहेर जाणारी वीज आणि आत येणारी वीज यातला फरक कळेलच असं नाही. तुम्ही दिलेली वीज तो तुमच्याच नावावर वापर म्हणून मोजू शकतो. काहीजण "बघू तरी" म्हणून स्विच ऑन करतात आणि मग बिल बघून हबकतात.

एप्रिलचा पूर्ण महिना पॅनल वर नुसते तापत पडले. वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन. मी रोज सकाळी कपडे वाळत घालताना त्यांच्याकडे बघायचे आणि चिडायचे. दोन आठवड्यांनी कळलं की पुरवठादाराने पॅनलच्या अनुक्रमांकांच्या फोटोत एक फोटो दुसऱ्याच घरचा चढवला होता, त्यात नेट मीटर अडकला होता. त्याला रोज फोन, रोज "उद्या करतो". शेवटचे वीस टक्के आमच्याकडे आहेत याची आठवण करून दिली आणि त्याच संध्याकाळी दुरुस्ती झाली. वीज कंपनीशी करारनामा झाला, पुन्हा एक पाचशेचा स्टॅम्प.

२९ एप्रिल, मंगळवार, दुपारी सव्वाबारा. नेट मीटर बसला. आखाजीच्या आदल्या दिवशी. सासूबाईंनी इन्व्हर्टरला हळदकुंकू लावलं. मीटर बसवायला आलेले वायरमनदादा सांगून गेले, "ताई, लाइट गेली की हेही बंद होणार बरं का. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या घराचा शॉक बसायचा." हे आम्हाला माहीत नव्हतं. वर लखलखीत ऊन आणि खाली पंखा बंद, असं जूनमध्ये दोनदा झालं. बॅटरी घेतली तर होत नाही, पण तिचा खर्च वेगळा, आणि आम्ही घेतली नाही.

सबसिडी

मे महिन्यात पोर्टलवर खात्याचा तपशील भरला. मेमध्ये नाशिकला अवकाळी पावसाने कांद्याचे हाल केले, आमच्याकडे ढगांमुळे रोज अकरा युनिटच्या आसपास बनत होती. तक्रार करावी अशी आमची परिस्थिती नव्हती.

सबसिडी अडकली. सासूबाईंच्या बँकेचं विलीनीकरण झालेलं, पासबुकवर जुना आयएफएससी कोड, आणि वर ते आद्याक्षर. बँकेत दोन फेऱ्या, नव्या पासबुकाची प्रिंट, रद्द केलेला चेक. १९ जूनला ७८ हजार जमा झाले. सासूबाईंनी मेसेज मला वाचायला दिला आणि म्हणाल्या, "हे माझ्या खात्यात आलेत ना? मग माझेच." बरोबर होतं. त्यातले दहा त्यांनी वारीला जाणाऱ्या बहिणीला दिले, उरलेले एफडीत.

हिशोब सांगते. २ लाख ६ हजार, स्टॅम्प-नोटरी-झेरॉक्स-कुरिअर मिळून साधारण अडीच हजार, वजा ७८ हजार. सव्वा लाखाच्या वर थोडे घरचे गेले. आता सुरू करणाऱ्यांना थोडं स्वस्त पडेल, २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे.

आणि मग आम्ही बिघडलो

हे लिहायला थोडी लाज वाटते. पहिलं बिल आलं, दीडशेच्या आसपास. शून्य येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. ते बघून घरात सगळ्यांचे हात मोकळे सुटले. लेक दुपारी एसी लावून झोपू लागला, खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायची सवय दोन आठवड्यांत गेली, मी स्वतः गिझरकडे बघणं सोडलं. "फुकटच आहे ना." जूनअखेर बघितलं तर वापर आधीच्या वर्षापेक्षा चाळीस युनिटनी वाढला होता.

आणि फुकट म्हणजे काय, तेही तेव्हा नीट कळलं. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण परत घेतो, कागदावर वजाबाकी होते. पण रात्री अकरा वाजता एसीला येते ती वीज गच्चीवरची नसते. ती कुठून तरी कोळशातूनच येते. चिमण्या रात्रीही चालू असतात, लाल दिवे दिसतात त्यांचे. वाचवलेल्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो असं धरतात. आम्ही चाळीस युनिट जास्त वापरून त्यातलं काय काय परत उधळलं ते ज्याचं त्याने मोजावं.

मग कामांच्या वेळा बदलल्या. वॉशिंग मशीन रात्री लावायचे, ते आता सकाळी अकराला. पाण्याची मोटर बाराला. इस्त्री दुपारी, आठवड्याची एकदम. जुलैमध्ये इंडक्शन आणलं, डाळ-भाताचा कुकर त्यावर. सिलिंडर ३५ दिवस जायचा, आता दोन महिन्यांच्या जवळ जातो. भाकरी मात्र गॅसवरच, ती इंडक्शनवर फुगत नाही आणि फुगवायचा हट्टही मी धरणार नाही. सासूबाईंना यात काहीच नवीन वाटत नाही. "ऊन आहे तोवर कामं उरकायची, आम्ही दुसरं काय करत होतो?"

जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला सहा-सात युनिट, भरून आलं तर तीनसुद्धा. घाबरू नका. उन्हाळ्यात जमा झालेली युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे ओढली जातात. मार्चअखेर उरली तर त्यांचे पैसे मिळतात, पण आपण भरतो त्या दराने नाही, बरेच कमी. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टिम बसवून कमाई करू, असं कोणी सांगत असेल तर कागद-पेन घेऊन बसा.

पॅनल आठवड्यातून एकदा पुसतो, सकाळी सातच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग पडतात, ते आम्ही पाडून बघितले आहेत. कबुतरांसाठी खालच्या कडेने जाळी लावून घ्या, आम्ही सप्टेंबरमध्ये लावली तोवर दोन घरटी झाली होती. पिल्लं उडेपर्यंत थांबलो.

दिवाळीनंतर लेकाने हिशोब काढला, सहा महिन्यांत साधारण १,६०० युनिट.

आता नोव्हेंबर. सूर्य दक्षिणेला कलला आहे आणि कडुनिंबाची सावली साडेतीनलाच पहिल्या पॅनलच्या कोपऱ्याला टेकते. लेक मोबाईलवर आकडा खाली आलेला बघून ओरडतो, "आजी, सावली आली." सासूबाई तोवर इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवत असतात. त्या मोबाईल बघत नाहीत. खिडकीतून झाडाकडे बघतात.